उंबऱ्यावरनं दिसतंय की

लातूर
९ जून २०२४

आरती,

‘अक्का, उंबऱ्यावरनंबी दिसतंय की. आत कशाला?’

तुझी आई माझ्या मायला हे म्हणाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. जळकोटकडच्या आपल्या गावात पहिला टीव्ही तुमच्याकडे आला होता. बाबा गेल्यापासून आम्ही मायलेकी मागच्या दोन खोल्यांत राहायचो, तुम्ही पुढच्या भागात. माय थोरली जाऊ, तुझी आई धाकटी. तरी माय उंबऱ्यावर टेकली आणि मला म्हणाली, ‘बस गं, हितं वारा बी येतोय.’

तुझं पत्र परवा पोस्टमननं दुकानात आणून दिलं. पाकिटावरचं अक्षर मी लगेच ओळखलं. शाळेत माझ्या वह्यांवर नाव तूच घालायचीस. तू लिहितेस, फोन लागत नाही म्हणून पत्र. फोन लागणार नाही, आरती. मायच्या दहाव्याला तुमच्याकडून कुणी आलं नाही, त्या दिवसापासून तुझा नंबर मी बंद करून ठेवलाय.

काकूंना लकवा झाला, तुझा सुदर्शनदादा पुण्याला आपल्याकडे नेईना म्हणून तू त्यांना नांदेडला आणलंस, हे सगळं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. आणि त्यांच्या खोलीसाठी तू स्वस्तातले दोन टीव्ही बघून ठेवलेत, त्यातला कुठला घ्यावा हे मला विचारतेस. ‘तुमचं टीव्हीचंच दुकान, तुझ्यासारखं खरं मला कोण सांगणार?’ हे वाचून मला हसू आलं. समोर आमचे हे, मल्लिकार्जुन, बसले होते. म्हणाले, ‘कुणाचं पत्र?’ मी म्हटलं, ‘नांदेडच्या चुलतबहिणीचं. आईसाठी टीव्ही घ्यायचाय म्हणते.’ म्हणाले, ‘मग सांग की. त्यात हसायचं काय?’

सांगेन. पण टीव्ही असा हवेत सांगता येत नाही. खोली कशी आहे, पलंग कुठं, टीव्ही कुठल्या भिंतीला लागणार, काकू कुठल्या कुशीवर निजतात, सगळं लिही.

मंजुश्री


नांदेड
१७ जून

लाडके मंजू,

तुझं पत्र आलं, मी आधी रडून घेतलं आणि मग वाचलं.

आई तसं म्हणाली असेल गं. तिची जीभ कशी होती ते तुला मी काय सांगायचं? आम्हाला काय कमी बोलली का? मला तर त्या टीव्हीचं एवढंच आठवतं की रविवारी सकाळी आपण दोघी पलंगावर पाय सोडून बसायचो, तू भुईमुगाच्या शेंगा फोडून माझ्या हातावर ठेवायचीस, आणि टीव्ही लागला की अर्धं गाव आपल्या खिडकीशी. काय दिवस होते!

आता त्या जिभेवर दोनच शब्द उरलेत. ‘हाव’ आणि ‘न्हाई’. पाणी पाहिजे का? हाव. दुखतंय का? न्हाई. डॉक्टर म्हणतात, डोकं शाबूत आहे, सगळं ऐकतात, सगळं कळतं, फक्त शब्द गेले. परवा सुदर्शनदादाचा फोन आला, मी फोन तिच्या कानाला लावला. तो विचारतो, ‘आई, बरी हायस ना?’ ही म्हणाली, ‘न्हाई.’ तो म्हणाला, ‘बरं बरं,’ आणि ठेवला. मला हसावं की रडावं कळेना.

खोलीचं सांगते. लांबट आणि अरुंद आहे. पलंग खिडकीच्या भिंतीला. समोरच्या भिंतीत न्हाणीचं दार आलंय, म्हणून टीव्ही त्या भिंतीच्या पार पायाकडच्या टोकालाच लागणार. आई उजव्या कुशीवर निजते आणि मान फिरत नाही, तेव्हा तिला तिरकंच बघावं लागेल. फिरतं स्टँड लावावं तर चाकाची खुर्ची न्हाणीत न्यायला जागा राहत नाही. पलंग फिरवला तर खोलीचं दार उघडत नाही. सगळं करून बघितलंय मी.

टीव्ही दोन आहेत. एक लाल खोक्यातला, एक निळ्या खोक्यातला. आकार एक, भाव जवळजवळ एक. लाल असा झगझगीत की दुकानात सगळे त्याच्याचपुढे उभे. निळा मला मळकट वाटला. दुकानदार म्हणतो, ‘ताई, लालच न्या, लई खपून राहिला.’ पण हुस्ना म्हणाली थांब. हुस्ना म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची, शिवणकाम करते, आईला उचलायला नेहमी तीच धावत येते. ती म्हणाली, ‘तुमची बहीण त्याच धंद्यात हाय ना, मग तिला विचारा की.’ तुझ्याच दुकानातून घेतला असता, पण लातूरहून आणताना वाटेत फुटला तर?

आईला दिवस जात नाही, मंजू. भिंतीकडे बघत पडलेली असते. एवढं एक सुख तिला द्यायचंय. नीट विचार करून सांग.

तुझी आरती


लातूर
२५ जून

आरती,

लाल खोक्यातला घे.

त्यात रंग भरून दिसतात आणि अंधार अंधारासारखा दिसतो. निळ्यात काळ्याची राख होते. तुला मळकट वाटला ते बरोबरच आहे. पुन्हा एकदा त्या दुकानात जा, लालच्या बरोबर समोर उभी राहा आणि बघ. तूच म्हणशील.

आवाज दोन्हींचा चांगला आहे.

आपण दोघी पलंगावर बसायचो असं तू लिहिलंस. तुझ्यापाशी आठवणी चांगल्या राहिल्यात. राहू देत.

बसवला की कळव. काकू कशा बघतात तेही कळव.

मंजुश्री


नांदेड
१४ जुलै

लाडके मंजू,

बसवला! लालच घेतला. भिंतीवर लावला तेव्हा खोलीत दुसरी खिडकी पडल्यासारखं वाटलं. हुस्नाचे यजमान ताहेरभाई स्वतः येऊन स्क्रू आवळून गेले. मी समोर उभी राहून बघतच राहिले, असे रंग!

आईच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, ‘मंजूनं निवडलाय हा. अक्काच्या मंजूनं.’ ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ‘आठवते का मंजू?’ म्हणाली, ‘हाव.’ मग पुन्हा एकदा, मी काही न विचारताच, ‘हाव.’

पण एक झालं. भजनं लावली, ती थोडा वेळ बघत होती, मग डोळे मिटून घेतले. मी विचारलं, ‘दिसतंय ना?’ म्हणाली, ‘न्हाई.’ ‘बंद करू?’ ‘न्हाई.’ रोज हेच चाललंय. दिसत नाही म्हणते, आणि बंदही करू देत नाही. मला वाटतं, लकव्यानं डोळ्यांचंही काही झालं असणार. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. दोन जिने खाली न्यायचं म्हणजे खुर्चीसकट उचलावं लागेल. मागच्या वेळी नेलं तेव्हा ती कण्हत होती, घरी येऊन अंगात ताप भरला. पण इलाज नाही.

तोवर मी करते काय, कामं आवरली की पलंगाच्या कडेला बसते आणि तिला सांगत राहते. आता ती बाई दारात आली. आता सासू फणकाऱ्यानं उठली. आता नवरा ताट तसंच टाकून निघाला. आई डोळे मिटून ऐकते. जन्मात कधी एवढा वेळ तिच्याजवळ बसले नव्हते मी. तुझ्या टीव्हीनं आम्हाला जवळ आणलं बघ.

तुझी आरती


लातूर
१९ जुलै

आरती,

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ नकोस. डोळ्यांना काही झालेलं नसणार. उगीच त्यांना जिन्यातून खालीवर करू नकोस, ताप येईल म्हणतेस ना. हे तुला वेळेत मिळावं म्हणून आजच टाकतेय.

तू त्यांना सांगतेस तेव्हा काय काय सांगतेस? लुगड्यांचे रंग सांगतेस का? आणि त्या मान वळवायला बघतात का? की तशाच पडून राहतात?

मंजुश्री


नांदेड
२ ऑगस्ट

मंजुश्री,

डोळ्यांना काही झालेलं नसणार हे तुला लातूरला बसून कसं कळलं?

तुझं पत्र मी हुस्नाला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, तू काळजीनं लिहिलंयस. ती उठली, पलंगाशी वाकली आणि आईच्या उशीला आपला गाल लावून टीव्हीकडे बघितलं. मग म्हणाली, ‘आरती, इधर आके देखो. यहाँ से तो सब राख दिखरा.’

मी आईच्या उशीवर डोकं ठेवलं. माणसं नव्हतीच. दुधात पाणी घातल्यासारखं पांढुरकं काहीतरी हलत होतं. उठून समोर जाऊन उभी राहिले तर रंगच रंग. पुन्हा उशीवर डोकं ठेवलं. पुन्हा काही नाही. माझी आई वीस दिवस ते बघत पडली होती, आणि मी तिच्या डोळ्यांना दोष देत होते.

दुकानात जाऊन भांडले. तो म्हणाला, ‘बाजूनं बघायचं व्हतं तर निळा न्यायचा व्हता ताई. तुमी सांगितलंच न्हाई की पेशंटसाठी हाय म्हणून. लाल नुसता समोरनं गोड. धंद्यातल्या कुणालाबी विचारा.’ मी त्याला काय सांगू, की धंद्यातल्याच माणसाला विचारलं होतं?

बदलून द्यायला तयार झाला तो. ताहेरभाई पेचकस घेऊन वर आले, पहिला स्क्रू सैल केला, तोच आई म्हणाली, ‘न्हाई.’ मला वाटलं तिला कळलं नसेल. तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, ‘आई, तुला यातलं काही दिसत नाही. मंजूनं मुद्दाम चुकीचा सांगितला.’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘न्हाई.’ ताहेरभाई म्हणाले, ‘काकू, दुसरा चांगला लावून देतो की. आत्ताच आणतो.’ ‘न्हाई.’ असा आवाज तिचा आजारपणानंतर मी ऐकला नव्हता. ताहेरभाईंनी स्क्रू परत आवळला आणि निघून गेले.

तेव्हा तुझा टीव्ही तिथंच लटकतोय. सकाळी उठली की ती मला तो लावायला लावते आणि त्या राखेकडे तोंड करून पडून राहते. मी जवळ बसून सांगायला लागले की म्हणते, ‘न्हाई.’ तेही तू घालवलंस.

एका वाक्यासाठी, मंजू? इतक्या वर्षांपूर्वीच्या एका वाक्यासाठी तू लुळ्या म्हातारीवर डाव साधलास? आणि पत्रात विचारतेस, मान वळवायला बघते का! मी ते दहादा वाचलं. तुला ते ऐकून गोड वाटणार होतं ना?

यापुढे मला लिहू नकोस. आणि लिहिणारच असलीस तर खरं लिही. काय केलं होतं तिनं तुझं?

आरती


लातूर
१८ ऑगस्ट, रविवार

आरती,

वाक्यासाठी नाही. वाक्य मी कधीच सोडून दिलं होतं. उंबऱ्यावरून खरंच दिसायचं, आणि वाराही यायचा.

तुला शेंगा आठवतात, त्या खऱ्या आहेत. मी उंबऱ्यावर बसून फोडायचे आणि तू पलंगावरून उतरून मूठ भरून घेऊन जायचीस. पलंगावर तू आणि सुदर्शनदादा. मी त्या पलंगाला कधी हातसुद्धा लावला नाही.

एका रविवारी टीव्हीत काहीतरी गमतीचं चाललं होतं आणि माय हसली. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. मी तिच्याकडे बघितलं, इतकं मला नवल वाटलं. तुझी आई पलंगावरून उठली. टीव्ही ज्या स्टुलावर होता ते स्टूल तिनं दोन्ही हातांनी धरून फिरवलं, पलंगाकडे. मग जाऊन बसली. आम्हाला टीव्हीची पाठ दिसायला लागली, ती भोकं पाडलेली काळी पाठ.

मला वाटलं माय उठेल. ती उठली नाही. म्हणाली, ‘ऐकू येतंय की.’ पुढच्या रविवारी मी म्हटलं, आपण नको जायला. म्हणाली, ‘न्हाई गेलो तर गाव इचारंल का न्हाई गेलो.’ म्हणून आम्ही जात राहिलो, आणि ते स्टूल तसंच राहिलं. माय नुसत्या आवाजावरून मला सांगायची, ‘आता राजा उठला बघ. आता राणीनं दिवा लावला. हिरवं लुगडं नेसली बघ ती, जरीचं.’ तुमचा टीव्ही काळापांढरा होता, आरती. माय मला रंग सांगायची.

आणि मी बघायचे तुझ्याकडे. टीव्हीचा उजेड तुझ्या तोंडावर पडायचा, कमी व्हायचा, वाढायचा. तू घाबरलीस की मला कळायचं लढाई लागली. तू तोंड उघडं टाकलंस की देव आला. मी तो सगळा टीव्ही तुझ्या तोंडावर बघितला. तुला वाटायचं मी तुझ्याकडे बघून हसते, म्हणून तूही हसायचीस. म्हणूनच तुला मी पलंगावर आठवत असेन.

मोठी झाल्यावर यातलं काहीच माझ्या मनात नसायचं. दुकान, मुलं, मायचं दुखणं. माय गेली तेव्हा तुमच्याकडून कुणी आलं नाही आणि त्या दहाव्याच्या मांडवात बसल्या बसल्या मला ते स्टूल आठवलं. त्यानंतर ते गेलं नाही.

तू खोली लिहिलीस, तिरकं बघावं लागेल लिहिलंस, तेव्हा माझा हात आपोआप चालला. मी एक शब्दही खोटा लिहिला नाही, हे तू बघितलंस का? लाल समोरून खरंच चांगला आहे. आमच्या दुकानात मात्र कुणी नुसतं समोर उभं राहून टीव्ही पसंत करू शकत नाही. मल्लिकार्जुन गिऱ्हाइकाला हाताला धरून कोपऱ्यात नेतात. ‘घरात तुमची आई कुठं बसती? सून कुठनं बघती, सैपाकघराच्या दारातनं? मग तिथनं बघा.’ लोक हसतात त्यांना. हा रिवाज त्या दुकानात मी घातलाय, लग्न होऊन आले तेव्हा. तो मी तुला सांगितला नाही. माझा सूड एवढाच.

मग तू लिहिलंस की तू तिच्या कडेला बसून सांगतेस, आता ती बाई दारात आली. ते वाचून मला गोड वाटायला हवं होतं. वाटलंही. आणि त्याच पत्रात जिने होते, ताप होता. डॉक्टरकडे नेऊ नकोस हे लिहिताना मला ठाऊक होतं की मी पकडली जाणार.

तुझं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळी मी मांडणीतला लाल टीव्ही लावला आणि बाजूला जमिनीवर बसून बघितलं. राखच होती. मल्लिकार्जुनांनी विचारलं, ‘काय झालं?’ मी सगळं सांगितलं. त्यांनी शटरची किल्ली गल्ल्यावर ठेवली. म्हणाले, ‘सूड घ्यायचा तर तिचा घ्यायचास. आपल्या धंद्याचा का घेतलास?’ अजून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आता ‘न्हाई’बद्दल. तिला काही आठवत नसेल असा माझा समज होता. तिला सगळं आठवतं. माझं नाव ऐकून ती दुसऱ्यांदा ‘हाव’ म्हणाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुला वाटत असेल, ती पश्चात्तापानं ती शिक्षा भोगतेय. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, माझ्याकडून आलेलं वाईट तिनं घेतलं, पण दुरुस्त केलेलं तिला नको. चूक दुरुस्त झाली असती तर मी मोठी झाले असते आणि ती माझ्या उपकारात राहिली असती. ते स्टूल फिरवणाऱ्या बाईला हे कसं चालेल? म्हणून ती राखेकडे तोंड करून पडते. सूड माझा होता, तो तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या भिंतीला टांगला. आता रोज सकाळी तीच जिंकते.

मी माफी मागत नाही. मागितली तर ती खोटी असेल, आणि तू खरं लिही म्हणालीस.

निळा खोका मी आमच्या दुकानातून काढून ठेवलाय. लातूर–नांदेड गाडीत मांडीवर घेऊन येईन, फुटू देणार नाही. पण तुझ्या खोलीच्या दारापर्यंतच येईन. उंबऱ्याबाहेर उभी राहीन आणि तिला विचारीन, ‘काकू, मी अक्काची मंजू. आत येऊ का?’

‘हाव’ म्हणाली तर आत येईन आणि टीव्ही बदलून देईन. ‘न्हाई’ म्हणाली तर खोका घेऊन परत जाईन, आणि तो लाल टीव्ही तसाच राहील. मला ‘न्हाई’च ऐकू येईल हे मी धरून चाललेय. ‘हाव’ म्हणाली तर पाय उचलेल की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही.

तू मला बिल्डिंगच्या पायरीवरूनच परत पाठवशील, हेही ठाऊक आहे. माझी आई असती आणि तू असं काही केलं असतंस, तर मीही तेच केलं असतं. तरी मागते. मला त्या दारापर्यंत येऊ दे. आणि मी विचारलं की मायेनं मध्ये पडून ‘ये गं, विचारतेस काय’ असं तू म्हणू नकोस. तू गप्प राहा. उत्तर तिलाच देऊ दे.

मंजू